फौजदाराच्या आईचं दुखणं

माझ्या सासूबाईंनी आपल्या हृदयाचं ऑपरेशन एका इटालियन फौजदारासाठी पुढे ढकललं, ही गोष्ट मी सिल्वासाजवळच्या आमच्या मसाटच्या कारखान्यात सांगितली तेव्हा कॅन्टीनमध्ये हशा पिकला. माझ्या शब्दाला तिथं भाव बेताचाच आहे. मागे दमणगंगेच्या पुरात मी रिक्षाएवढा मासा पाहिला होता, तेव्हापासून लोक माझ्या प्रत्येक वाक्यातून निम्मं वजा करूनच ऐकतात. (मासा खरंच मोठा होता. रिक्षा जरा लहान असेल.) पण ऑपरेशनची गोष्ट अक्षरशः खरी आहे. यातलं काही वजा करायला गेलात तर सासूबाईच वजा होतील, अशी त्या आठवड्यात परिस्थिती होती.

सुरुवात कारखान्यातूनच झाली. आम्ही पॉलिएस्टरचा धागा बनवतो. त्यासाठी इटलीहून आगगाडीच्या डब्याएवढं एक मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचा एक इंजिनीअर आला. माणूस दिवसभर मशीनशी भांडायचा आणि संध्याकाळी गेस्टहाउसवर लॅपटॉप उघडून आपल्या देशातली पोलिसी मालिका बघत बसायचा. एकदा त्यानं मला शेजारी बसवलं. समुद्राकाठचं डोंगरी गाव, दगडी चढणीच्या गल्ल्या, पडद्याला हात लावला तर चटका बसेल असलं ऊन, आणि चर्चच्या पायरीवर पालथा पडलेला एक वकील. खाली इंग्रजी पट्ट्या धावत होत्या. मशीन बसलं, इंजिनीअर आपल्या गावी परत गेला. मी मात्र त्याच्या गावातच राहिलो.

तिथला मुख्य अधिकारी, म्हणजे आमच्या घरातला 'फौजदार'. त्याचा खरा हुद्दा उच्चारायला जीभ दुमडावी लागते. जाडजूड, कायम घामेजलेला, बिनलग्नाचा. अख्खं गाव त्याला टरकून, आणि तो आपल्या म्हाताऱ्या आईला. ही आई गल्लीच्या तोंडाशी भाजीचं दुकान चालवते. गावात खून झाला की फौजदार चार दिवस वणवण करतो आणि शेवटी आईच्या दुकानात टोमॅटो निवडता निवडता त्याला धागा सापडतो.

माझी बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेतला थेंब इकडचा तिकडे झालेला तिला चालत नाही. मालिका कादंबऱ्यांवर बेतलेली आहे हे तिनंच शोधून काढलं आणि इंग्रजी भाषांतरं मागवली. झालं, घरात दोन पंथ पडले. मी पडद्याचा, ती पुस्तकाची. "पडद्यावर खुनी पळतो," ती म्हणायची. "पुस्तकात तो दमतो. त्याच्या दमण्याला तीन पानं दिलीत. ती वाचून बघा, मग कळेल त्यानं दार उघडं का ठेवलं." मी तावातावानं वाद घालायचो आणि ती झोपली की तीच तीन पानं गुपचूप वाचायचो. खरं सांगायचं तर ती बरोबर असायची. पडद्यावर ऊन दिसायचं, पुस्तकात त्या उन्हात तापलेल्या भिंतीचा वास यायचा. पडद्यावर फौजदार खिडकीशी नुसता उभा राहायचा. तो तिथं उभा का आहे, हे पुस्तक सांगायचं. पण एवढं सगळं बायकोजवळ कबूल करायला मी काय संशयित होतो?

तर अशा घरात अमळनेरहून सासूबाई आल्या. छातीत जळजळ होते म्हणून तपासायला. बाईनं उभं आयुष्य पिठाची गिरणी चालवलेली. दळण होईपर्यंत बायका काय काय बोलतात, हे ऐकून ऐकून त्यांचे कान असे तयार झाले होते की गावात कोणाचं काय बिनसलंय ते जोंधळ्याच्या डब्यावरून सांगायच्या. हिंदी मालिका त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढल्या. "हे लोक नुसते वळून वळून बघून राहिले. काम कधी करतात?" मग एका संध्याकाळी माझ्या फौजदारासमोर बसल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत.

इंग्रजी त्यांना येत नाही. म्हणून पट्ट्या वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी मन लावून केलं. "आई, हे गाव म्हणजे आपलं खानवेलच समजा, फक्त समुद्र जोडलेला." "हा तेलाचा व्यापारी. सामरवरणीच्या नाक्यावर कोपऱ्यात बसतो ना, थेट तसा." कुठं संवाद फिका वाटला तर थोडा मसाला. कुठं फारच दुःख झालं तर थोडी साखर.

"जावईबापू," एकदा त्या म्हणाल्या, "ती बाई चार शब्द बोलली. तुम्ही चाळीस बोलून राहिले."

"इटालियन भाषा दाट असते, आई. पाणी घालावं लागतं."

"आणि हे लोक रोज शेवया खातात? यांच्याकडे रोजच सण?"

मालिकेच्या शेवटच्या पर्वात तेलाचा व्यापारी स्वतःच्याच हौदात बुडून मेला होता. ऑलिव्हच्या तेलात भेसळ, पाच संशयित, आणि त्यातच फौजदाराची आई दुकानात कोसळलेली. शेवटून दुसरा भाग संपला तेव्हा तिचं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत गेलं आणि पडदा काळा झाला. शेवटचा भाग येत्या शुक्रवारी.

त्याच आठवड्यात वापीला सासूबाईंची अँजिओग्राफी झाली. डॉक्टरनं पडद्यावर त्यांच्या हृदयाच्या नळ्या दाखवल्या. दोन जागी नळी सुतासारखी बारीक झाली होती, आणि सुताची जाडी मला कळते, तो माझा धंदाच आहे. "स्टेंट टाकावे लागतील. उद्या-परवातच करू. थांबण्यात अर्थ नाही," डॉक्टर म्हणाले.

"शुक्रवार होऊ द्या," सासूबाई म्हणाल्या.

"शुक्रवारी काही धार्मिक आहे का?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

डोकमर्डीला घरी आल्यावर आम्ही दोघांनी त्यांना सगळ्या बाजूंनी घेरलं. बाई सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, हलायला तयार नाहीत. "तिथं टेबलावर माझं काही झालं तर? तेलवाल्याला कोणी मारलं, ते न कळता जाऊ का मी? आणि ती माउली वाचली का नाही, ते पण नाही कळायचं." हसत बोलत होत्या. पण हात पदराशी चाळा करत होता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की प्रश्न तेलवाल्याचा नव्हताच. फौजदाराची आई त्या दारातून बाहेर आली, तरच या आत जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि युक्ती केली. गॅलरीत जाऊन फोन कानाला लावला, मोठमोठ्यानं दोन-चार इटालियन शब्द फेकले आणि आत आलो.

"आई, आपला इंजिनीअर! तिकडे शेवटचा भाग आधीच दाखवला म्हणे. ऑपरेशन फक्कड झालं. फौजदाराची आई तिसऱ्या दिवशी दुकानात, वांग्यांवर पाणी मारतेय!"

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं झालं. आणि तेलवाल्याला कोणी मारलं?"

याची तयारी मी केली नव्हती. "त्याच्या... भाच्यानं."

"भाचा दुसऱ्याच भागात मेला."

"म्हणजे मरायच्या आधीच त्यानं विष कालवून ठेवलं होतं."

"तेलवाला बुडून मेला, जावईबापू. विष कुठून आलं?"

मी पाणी प्यायलो. अहो, माझ्या कपाळावर त्या फौजदारापेक्षा जास्त घाम होता.

"मी एक विचारू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या गोष्टीत आजपर्यंत एक तरी चांगलं माणूस मेलं का? ती ननबाई मेली होती. पेटी होती, सगळे काळे कपडे घालून रडून राहिले होते, अन् तुम्ही म्हणाले, बाई तीर्थयात्रेला निघाल्या. तो पाववाला मेला, तुम्ही त्याला दुबईला पाठवला. मी गिरणीवर बसलेली बाई आहे. मला काय दिसत नव्हतं? गोड वाटायचं म्हणून ऐकत होते. पण आज गोड नको."

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "पोरी, तुझं ते पुस्तक आण. तू वाच."

आता इथं मला एक गोष्ट माहीत होती. बायकोनं ते शेवटचं पुस्तक आदल्या दुपारीच संपवलं होतं. आणि तेव्हापासून ती कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. रात्रीच्या वरणात मीठ नव्हतं. रसायनशास्त्राच्या बाईकडून मीठ विसरणं म्हणजे भूकंपच. मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटलं.

"मेली का?" मी कुजबुजलो.

ती ओट्यावर फडकं फिरवत राहिली.

"सांग की!"

"पुस्तकात," ती म्हणाली. "मालिकेत काय करतील ते मला माहीत नाही."

"मग वाचताना बदल. दोन वाक्यं तर बदलायचीत."

"तुम्ही बदलून बदलून काय झालं ते ऐकलंत ना आत्ता? माझ्यावर तरी तिचा भरवसा राहू दे."

"अगं, भरवसा राहील आणि आई जाईल!"

तिचं फडकं थांबलं. डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता. "ती मला विचारतेय. मी तिला खोटं सांगणार नाही. आणि तुम्ही मधे बोलणार नाही."

मधे बोलायचं नाही! मला! सरळ हातकड्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

दुपारची वेळ. पंखा फिरत होता. बायको आईसमोर पाटावर बसली, पुस्तक मांडीवर, आणि एकेक वाक्य सरळ, साधं, बिनमसाल्याचं मराठीत सांगू लागली. फौजदार खुन्याच्या दारात उभा आहे. खिशात फोन थरथरतोय, तो उचलत नाही. खुनी तेलवाल्याचीच बायको, आणि ती आधी त्याला बसायला खुर्ची देते. मग सगळं कबूल करते, तेही कंटाळून, कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून. सासूबाईंनी मान हलवली. त्यांना ते पहिल्या भागापासून माहीत होतं.

मग दवाखाना. बायकोचा आवाज खाली आला. मी खुर्चीच्या हाताला धरून बसलो होतो. फौजदार जिने चढतोय, घाईनं चढतोय, पण नर्सची पावलं सावकाश आहेत, आणि ते बघूनच त्याला कळतं. बायको थांबली. पान उलटलं नाही.

"गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई."

खाली कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता. तो थांबला. माझ्या डोक्यात तोवर निदान सतरा खोट्या गोष्टी तयार होत्या, एकाहून एक सरस, आणि एकही तोंडातून काढायची सोय नव्हती.

"डॉक्टर काय म्हणाला त्याला?"

"म्हणाला, आधी आणायला हवं होतं."

"तिला कधीपासून दुखत होतं?" सासूबाई पुढे झुकल्या. "मागे जाऊन बघ बरं."

बायको पानं मागे उलटू लागली. "इथं, अगदी सुरुवातीला. जिना चढताना थांबते. म्हणते, चपलेत खडा गेला."

"अन् लेकाला कधी सांगितलं?"

पानं पुढे उलटली. मग आणखी पुढे. "सांगितलंच नाही, आई. कोसळली तेव्हाच त्याला कळलं."

"काबरं?"

"त्याची केस चालू होती. ती संपू दे म्हणाली, मग सांगते."

सासूबाई मागे टेकल्या. "अख्खं पुस्तकभर चपलेत खडा," त्या म्हणाल्या. मग डाव्या हातानं जबड्याखाली दाबलं, जणू दाढ दुखतेय. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पंख्याखाली बसून त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता.

"आई, दाढ दुखतेय?"

"दाढा काढून जमाना झाला, जावईबापू. सकाळपासून ओढून राहिलं. म्हटलं, शुक्रवार निघून जाईल." आणि मग अगदी लहान आवाजात, "चला. नका थांबू आता."

पुढचं मी फुगवून सांगत नाही, कारण त्याला फुगवायला जागाच नाही. डॉक्टरला फोन झाला. त्यांनी एक गोळी चघळायला द्या म्हणून सांगितलं आणि तसेच निघा म्हणाले. लिफ्ट, गाडी, मागच्या सीटवर बायको आणि तिच्या खांद्यावर आई. नेमकी पाळी सुटायची वेळ. पिपरियाच्या बाजूनं कारखान्यांच्या बस, सायकली, माणसांचे लोंढे, आणि वापी रस्त्यावर कंटेनरला कंटेनर चिकटलेला. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"आज काबरं मुके झाले?" मागून आवाज आला. "बोला काहीतरी. नाहीतर डोळा लागून राहिला माझा."

"झोपू नकोस, आई," बायको म्हणाली, आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात माझं तोंड बंद करणारी बायको. "बोला ना! काहीही बोला!"

मग मी सुटलो. "आई, समोरचा कंटेनर बघा. त्यात फौजदार लपलाय, तेलाच्या पिंपात! आणि पिंपामागून कोण डोकावतंय? भाचा!"

"मेला तो," मागून आलं. बारीक, पण चिडलेलं.

तिथंच मला किल्ली सापडली. मी मुद्दाम चुकू लागलो. ननबाईंचं लग्न लावलं. खुर्ची देणाऱ्या बायकोला निर्दोष सोडलं. वकिलाला चर्चच्या पायरीवरून उठवून सिल्वासात नोटरी केलं. प्रत्येक चुकीवर मागून दुरुस्ती यायची, "नाही", "खोटं", "मेला", आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक मी गाडी दोन कंटेनर पुढे काढायचो. त्यांच्या चिडण्यावर माझं गाडी चालवणं चाललं होतं.

वापीच्या चार रस्त्यावर सगळं ठप्प झालं. पुढे ट्रेलर वळत होता, सावकाश, अगडबंब.

"आणि आई, भाचा परत आला बरं का," मी म्हणालो.

मागून काही नाही.

"आई, भाचा. जिवंत. हातात टोमॅटो."

काही नाही. आरशात बघायची माझी छाती होईना. ट्रेलरचं शेपूट अजून रस्त्यातच होतं. मी आणखी मोठ्यानं ओरडलो, "भाचा, आई! भाचा आलाय!" शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

"श्वास आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "श्वास आहे. चालवा तुम्ही."

मी दुभाजकाच्या फटीतून गाडी कशी घातली, हे मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही रिक्षाएवढ्या माशाची आठवण काढाल. दवाखान्याच्या दारात माणसं स्ट्रेचर घेऊन उभीच होती. सासूबाईंना त्यावर ठेवलं, आणि दुहेरी दारं उघडून परत मिटली. आम्ही दोघं बाहेर. पडद्यावर हे दृश्य मी किती वेळा पाहिलं होतं! तिथं लगेच दुसरं दृश्य यायचं. इथं तेच एक दार. समोर एक पोलिसी मालिकाप्रेमी आणि एक पुस्तकवाली, दोघांच्याही हातात काही नाही. येणाऱ्या प्रत्येक नर्सची पावलं आम्ही ऐकत होतो. कोणी सावकाश चालत आली की बायको माझा हात दाबायची.

शेवटी डॉक्टर बाहेर आले, चांगले झपझप आले. "सारुं छे," टोपी काढत म्हणाले, आणि मग आम्ही मराठी आहोत हे आठवून, "बऱ्या आहेत. पण अजून थोडा उशीर केला असता तर..." पुढचं वाक्य आम्ही दोघांनीही पूर्ण होऊ दिलं नाही. बायको रडू लागली आणि मी डॉक्टरांचे दोन्ही हात धरून असे हलवले की त्यांच्याच नाडीची तपासणी करावी लागली असती.

तो शुक्रवार सासूबाई काचेच्या खोलीत, नळ्यांच्या गुंत्यात होत्या. शेवटचा भाग आला आणि आमच्या घरात कोणी टीव्हीला हातही लावला नाही. त्या घरी आल्या, जरा बसत्या-उठत्या झाल्या, तेव्हाच आम्ही तिघांनी मिळून तो लावला.

मी पट्ट्या वाचत होतो. काडीमात्र मसाला नाही, साखर नाही, जसं लिहिलंय तसं. तेलवाल्याच्या बायकोनं खुर्ची दिली. फौजदार दवाखान्यात पोचला. नर्स झपझप आली. आणि फौजदाराची आई पलंगावर उशीला टेकून बसलेली, लेकाला शिव्या देत! शेवटच्या दृश्यात तर ती परत आपल्या दुकानात, टोमॅटोची पेटी उचलून फळीवर ठेवतेय, मागे समुद्र, संगीत, समाप्त.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "खरं वाचलं?"

"अक्षर न अक्षर, आई. देवाशप्पथ."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "खरं वाचलं त्यांनी. मालिकेतच बदललंय."

सासूबाईंनी काळ्या पडद्याकडे बोट केलं.

"म्हणजे तिकडे पण कोणीतरी तुमच्यासारखा बसलेला आहे," त्या म्हणाल्या. "बरं केलं त्यानं. पण त्याला म्हणावं, तिला एवढ्यात पेटी उचलू देऊ नको."